शुक्रवारची मोजणी

शांतवन, तुला माती देऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी अजून गाड्या मोजतोय.

मुद्दाम नाही रे. सकाळी सावेडीच्या घरी गॅलरीत चहा घेऊन बसतो. खालून टेम्पो जातो आणि मनात एक रेघ पडते. मग रिक्षा, मग दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, मग शाळेची बस. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी जाते. बायको काहीतरी विचारत असते, मी "हं" म्हणतो आणि पाचाची दुसरी जुडी सुरू करतो. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "ओठ कसले हलवताय? नामस्मरणाला लागलात की काय?" मी नुसता हसलो.

आणि तू दिसतोस. भूतबित मी मानत नाही, तुला माहीत आहे. तू तर माझ्याहून कमी मानायचास. पण ऑफिसला शेवगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला नारिंगी जाकीट घातलेलं कुणी वाकलेलं दिसलं की माझा पाय ब्रेकवर जातो. गाडी हळू होते, तो माणूस मान वर करतो, तो तू नसतोस. मागचा हॉर्न मारतो. रोज एकदा तरी असं होतं. मागच्या आठवड्यात तर झाडू मारणाऱ्या एका बाईला मी तू समजलो. तू असतास तर या एका गोष्टीवर महिनाभर मला पिडलं असतंस.

तू जन्मलास कधी, शिकलास किती, मागे कोण कोण आहे, हे सगळं चर्चमध्ये तुमच्या मंडळीच्या फळ्यावर खडूने लिहून झालंय. ते मी परत लिहीत नाही. आपल्या दोघांमध्ये एक गोष्ट सात वर्षं पडून होती. तू ती काढली नाहीस आणि मी तुला काढू दिली नाही. परवा रविवारी ती मी सगळ्यांसमोर बोललो. तिथे तू नव्हतास, म्हणून तुला सांगायला बसलोय.

सुरुवात कुठून करू? बाभळीपासून करतो. आपण अठरा वर्षांचे होतो. मी डिप्लोमाच्या यादीची वाट बघत होतो आणि तू दहावीला गणिताने दगा दिल्यापासून मिळेल ते काम करत होतास. बांधकाम खात्याची वाहनगणना निघाली आणि आपल्या फाट्यावर रोजंदारीने दोन पोरं हवी होती. बाभळीखाली दोन लोखंडी खुर्च्या, मांडीवर तक्ता, कानाला पेन्सिल. ट्रक, एसटी, मोटार, सायकल, बैलगाडी, एकेकाचा रकाना. अर्धा अर्धा तास काही यायचं नाही. मग आपण वाऱ्याला शिव्या द्यायचो, किंवा तू मला तुमच्या नाताळच्या नाटकातला हेरोद राजा करून दाखवायचास.

दुसऱ्या दिवशी एक ट्रक गेला, त्यात मागे एक मोडकी बैलगाडी चढवलेली. तू ट्रकच्या रकान्यात रेघ मारलीस आणि बैलगाडीच्याही. संध्याकाळी ओव्हरसियरने ते बघितलं आणि तो तापला. "बैलगाडी रस्त्यावरून चालली का रे?" तू उठून उभा राहिलास, अगदी अदबीने. "चालली न्हाई सायेब. पन गेली ना?" ओव्हरसियरला हसू आवरलं नाही. रेघ मात्र त्याने खोडायला लावली. तू ती खोडलीस आणि घरी जाताना सबंध वाट माझ्याशी भांडलास. गेलेली गोष्ट गेली म्हणून लिहायला काय जातं, असं तुझं म्हणणं. मी म्हणालो, नियम आहे. चाळीस वर्षं आपण हेच भांडण वेगवेगळ्या विषयांवर केलं.

पुढे मी डिप्लोमा करून खात्यात चिकटलो आणि तू मैलकुली झालास. हल्लीच्या पोरांना मैलकुली म्हणजे काय ते सांगावं लागतं. रस्त्याचा एक तुकडा ज्याच्या ताब्यात असतो तो माणूस. खड्डा पडला की मुरूम टाकणारा, कडेचं गवत काढणारा, मोरीत अडकलेला कचरा हाताने ओढणारा. फाट्यापासून ओढ्यापर्यंतचा रस्ता तुझा. रस्ता सरकारचा असला तरी तू तसं कधी बोलला नाहीस. "माझ्या रस्त्याला काल कुनीतरी खरवडलं," असं तू म्हणायचास, जसं कुणी आपल्या म्हशीबद्दल म्हणावं.

चार लोकांत तू मला "सायेब" म्हणायचास आणि लोक पांगले की "दिन्या". मला दोन्ही आवडायचं. खरं सांगायचं तर "सायेब" जरा जास्त आवडायचं. तुलाही ते कळत होतं. म्हणून ते म्हणताना तुझ्या एका गालावर हसू असायचं.

मी अकोले तालुक्याच्या डोंगरात भाताच्या खाचरांमधून रस्ते काढत होतो, तेव्हा इकडे आपल्या माळावर पार्क उभं राहिलं. आधी चार शेड, मग गोदामं, मग काचेच्या इमारती आणि कमानीवर 'बिझनेस पार्क' अशी पाटी. मी दर दिवाळीला गावी यायचो आणि दर दिवाळीला रस्ता ओलांडायला थोडा जास्त वेळ लागायचा. मग बदली होऊन मी शाखा अभियंता म्हणून इकडेच आलो. पहिल्या दिवशी तू मला फाट्यावर नेलंस, काही न बोलता अर्धा तास उभं केलंस. कंटेनर, कामगारांच्या बसेस, त्यांच्यामधून शिरणाऱ्या मोटारसायकली, आणि या सगळ्यातून चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन पलीकडून अलीकडे येणाऱ्या बाया. गाव आणि तुमचं चर्च अलीकडे. शेतं, हायस्कूल, पार्क आणि तुमची दफनभूमी पलीकडे. "बघितलंस?" तू विचारलंस. मी म्हणालो, "चौपदरी करावा लागेल."

तू कपाळावर हात मारलास. "दिन्या, गोठा मोठा केला की जनावरं कमी व्हत्यात का? वाढत्यात. रस्ता मोठा करशील तर आजून कंटेनर येत्याल. आदी ह्यास्नी शिफ्टा मागंफुडं करायला सांग. सगळे भोंगे एकाच वक्ताला कशाला वाजाया पायजेत? आन् मान्सास्नी जायला खालून बोगदा कर."

मी तुला वाहतुकीचा प्रवाह, क्षमता, असलं काही तरी शिकवायला लागलो. पुस्तकातलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "व्हय सायेब." आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी सायेब म्हणालास. तेव्हा समजलो, तू रागावलायस.

बोगद्याचं मात्र मला पटलं होतं. गावाचा अर्ज होता, तुझं टुमणं होतं, आणि माझी म्हातारी आई तोच रस्ता ओलांडून शेतात जायची. चौपदरीच्या प्रस्तावात बोगदा घालायचा तर रस्ता ओलांडणारी माणसं आणि गाड्या किती, हे कागदावर दाखवावं लागतं. त्यासाठी एका साध्या दिवसाची मोजणी. साधा दिवस म्हणजे सण नाही, सुट्टी नाही, आठवडेबाजार नाही. बुधवारी आपल्याकडे बाजार. गुरुवारी मला नगरला बैठक. सोमवारी वरच्या साहेबांना अहवाल हवा होता, आणि माझी बढतीची फाईल त्याच साहेबांच्या टेबलावर होती. मी शुक्रवार धरला. शुक्रवारसारखा साधा वार दुसरा नाही, असं मला वाटलं.

मी पंधरा वर्षं डोंगरात होतो, शांतवन. तिथे कारखाने नाहीत. विजेचा भार वाटून घ्यायला औद्योगिक वसाहती आठवड्यातला एक वार बंद ठेवतात आणि तो रविवार नसतो, हे मला पुस्तकात ठाऊक होतं. आपल्या पार्कचा तो वार कुठला, हे मी कुणाला विचारलंच नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं.

सकाळी सात वाजता तू तक्ता घेऊन आलास तेव्हा रस्ता मोकळा होता. एकही शिफ्टची बस नाही. कमानीखाली वॉचमन ऊन खात बसलेला. मोजायला बोलावलेली बाकीची माणसं दूरच्या टोकाला पांगली होती. तू माझ्याजवळ आलास आणि आवाज खाली आणून बोललास.

"दिन्या, आज शुक्रवार हाय. पार्कला सुट्टी आसती."

मी कमानीकडे बघितलं.

"मंग आता मोजायचं काय?" तू म्हणालास. "कुत्री?"

"माणसं बोलावलीत, गाडी लावलीय. सोमवारी अहवाल द्यायचाय. मोज तू."

"बरं, मोजतो. शेऱ्यात लिवतो मग, पार्क बंद म्हनून."

"नको लिहू."

"का रं?"

"लिहिलं की अहवाल परत येईल. सगळं पुन्हा. मी पुढच्या आठवड्यात दुसरी मोजणी लावतो आणि ती जोडतो. शब्द देतो तुला."

तू माझ्याकडे बघत राहिलास. ती नजर मला आता रोज भेटते, झोपताना नाही, चांगली भर दुपारी, सही करायला पेन उचललं की. तू म्हणालास, "तू म्हंतोस तर." मग दिवसभर मोजलंस. इमानदारीने. म्हैस ओलांडली तर म्हैस लिहिलीस. संध्याकाळी मोजणाऱ्यांचा प्रमुख म्हणून खाली सही केलीस आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवलीस.

दुसरी मोजणी मी लावली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. आधी वेळ नव्हता. मग अहवाल पुढे गेला होता, आणि आता मध्येच सांगायचं म्हणजे आधीचं खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. चूक केली तोपर्यंत ती चूक होती. नंतर ती काय झाली हे मला चांगलं माहीत आहे. चार महिन्यांनी मंजुरी आली. चार पदर, मध्ये उंच दुभाजक, वळायला जागा थेट ओढ्याजवळ. बोगदा वगळला होता. ओलांडणाऱ्यांची संख्या पुरेशी नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं. दुभाजकाची आखणी मीच केली. ती पुरी होण्याआधी माझी बढती झाली आणि मी शेवगावला गेलो.

आणि गाव तुझ्यावर उलटलं.

सगळ्यांनी तुला त्या शुक्रवारी डोळ्यांनी बघितलं होतं, तक्ता घेऊन उभा. मी जीपमध्ये बसून होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माहितीच्या अधिकारात कुणीतरी कागद काढले, त्यावर तुझी सही. लोकांनी तुला चावडीवर विचारलं, तुला वार माहीत नव्हता का? तू म्हणालास, "माजीच चूक. वार ध्यानात राह्यला न्हाई." ज्या माणसाला कुठल्या मोरीत कुठली घोरपड राहते ते ठाऊक, त्याला पार्कची सुट्टी ठाऊक नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? कुणीच ठेवला नाही. बोगद्यात जागा जाऊ नये म्हणून रस्त्याकडेच्या कुणीतरी तुझे हात ओले केले असणार, असं ठरलं. मंडळीच्या पंचांत तू होतास, पुढच्या निवडीत तुझं नाव कुणी घेतलं नाही.

मला हे माहीत नव्हतं असं मी परवापर्यंत स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. आईने फोनवर सांगितलं होतं, "शांतवनानं पैसे खाल्ले म्हंत्यात, तुजा मैतर ना तो?" मी म्हणालो, "लोक काहीही बोलतात आई." आणि तिला गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारलं. तुला फोन केला नाही.

तू मात्र शिफ्ट सुटायच्या वेळी रोज दुभाजकापाशी उभा राहायला लागलास. कुणी सांगितलं नव्हतं, तुझ्या कामातही ते बसत नव्हतं. लाल फडकं, शिट्टी आणि ते नारिंगी जाकीट. हायस्कूलची पोरं दुभाजकावरून उड्या मारून जायची ती तू एका ठिकाणी गोळा केलीस, घोळक्याने पार करायला लागलास. मग एकेका कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनच्या स्टुलावर बसलास, आत बोलावेपर्यंत. एकाला पटवलंस की तुमचे कंटेनर शाळा सुटल्यावर पाव तास आत थांबवा. दुसऱ्याला, की तुमच्या बसेस त्यांच्यानंतर सोडा. तिसऱ्याने तुला हाकलून दिलं तर त्याच्या ड्रायव्हरांनाच हाताशी धरलंस. वर्षभरात फाट्यावरचे भोंगे वेगवेगळ्या वेळी वाजायला लागले. जे मी कागदावर करू शकलो नाही ते तू स्टुलावर बसून केलंस. ते बघायला नगरहून अधिकारी आले होते. त्यांना वाटलं, कंपन्यांनी आपणहून केलं. तू शेजारीच उभा होतास, गवत उपटत.

गेल्या नाताळात तू माझ्या घरी आलास. डब्यात मार्था वहिनींच्या करंज्या, अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. माझ्या पोटाकडे बघून म्हणालास, "ह्याचं रुंदीकरण कुनी मंजूर केलं?" आम्ही सगळे हसलो. मग बायको आत गेली. तू कप खाली ठेवलास आणि हळूच म्हणालास, "दिन्या, एक बोलू का?" मी म्हणालो, "बोल की." तेवढ्यात माझा फोन वाजला. गॅस सिलिंडरवाल्याचा होता, शांतवन. मी तो घेऊन गॅलरीत गेलो आणि सिलिंडरवाल्याशी दहा मिनिटं बोललो. त्याचं गाव कुठलं ते विचारलं, पाऊस कसा ते विचारलं. आत आलो तेव्हा तू चपला घालत होतास. "जाऊदे, निवांत बोलू," म्हणालास.

तू काय बोलणार होतास? मी हा प्रश्न शंभर वेळा उलटापालटा केलाय. कधी वाटतं, मला सोडवणार होतास, म्हणणार होतास की झालं गेलं विसर. कधी वाटतं, सांग एकदा लोकांना, असं मागणार होतास. तू चाळीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस. पहिल्यांदा मागायला आलास आणि मी सिलिंडरवाल्याला पाऊसपाणी विचारत बसलो, असं असेल तर मी काय करू?

मग त्या मंगळवारी सकाळी तुझ्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

तुला चर्चमधून खांद्यावर न्यायचं असं तुझ्या भावांनी धरलं. गाडीने न्यायचं तर ओढ्यापर्यंत जाऊन वळून यावं लागतं. उपासना लांबली आणि आपण रस्त्यावर आलो तेव्हा नेमकी एक शिफ्ट सुटत होती. समोर दुभाजक, माझ्या कमरेच्या वर. पलीकडे चार जण चढून गेले, अलीकडून चौघांनी पेटी उचलून दुभाजकावर टेकवली, आणि ती थोडी सरकवावी लागली. सिमेंटवर लाकूड घासल्याचा आवाज झाला. मी अलीकडच्या चौघांत होतो. त्या दुभाजकाची उंची मी नकाशात स्वतःच्या हाताने लिहिली होती.

एका बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दाबला, मग त्याला काहीतरी उमगलं. तो खाली उतरला. "शांतवनमामा हायेत व्हय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आपली बस आडवी लावून मागचा सगळा रस्ता बंद केला. कंटेनरवाले एकेक करून उतरले, टोप्या काढून उभे राहिले. त्यांना कुणी मोजणीचं काही सांगितलेलं नव्हतं. ते तुला फक्त शिट्टीवाला म्हणून ओळखत होते.

आणि तिथेच, पेटी पलीकडे जात असताना, माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "ज्याच्या सहीनं बोगदा गेला, त्यालाच दुभाजकावरनं उचलून न्यायची येळ आली बगा. देव हाय." दुसऱ्याने हुंकार दिला. मी ऐकलं. माझ्या हातात तुझी पेटी होती आणि मी ऐकून गप्प बसलो. तुझ्यावर मूठभर माती टाकली तेव्हाही गप्प होतो. त्या दिवसापासून माझ्या मनात रेघा पडायला लागल्या.

मी काल खात्याला सगळं लिहून दिलंय. निवृत्तीला थोडे महिने उरलेत, त्याचं जे व्हायचं ते होईल. तो विषय तुला सांगण्यासारखा नाही.

परवा रविवारी तुझ्या स्मरणाची उपासना होती. गीतं झाली, पाळक बोलले. मग ज्याला तुझ्याबद्दल सांगायचं त्याने उठून सांगावं म्हणून विचारलं. हायस्कूलच्या मुख्याध्यापक बाई बोलल्या, एक वॉचमन बोलला. बाकीचे जपून बोलले, स्वभावाने चांगला होता, कष्टाळू होता, असं. मी उठलो. गाव माझ्याकडे आदराने बघत होतं, मोठा साहेब मैलकुल्याच्या आठवणीला आला म्हणून.

मी सांगितलं. शुक्रवार मी ठरवला. सुट्टी आहे हे शांतवनने मला सकाळी सातला सांगितलं. तो कागदावर लिहिणार होता, मी लिहू दिलं नाही. दुसरी मोजणी करतो म्हणून शब्द दिला आणि पाळला नाही. त्याने कुणाकडून कपभर चहाही घेतला नाही. बोगदा गेला तो माझ्यामुळे.

एवढंच बोललो. रडलो वगैरे नाही. खरं सांगतो, बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. एक क्षण वाटलं, आता तू मला सोडशील. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी खुर्ची उचलली नाही. मागच्या बाकावर कुणीतरी "अरे देवा" म्हणालं आणि पंखा फिरत राहिला.

मार्था वहिनी पहिल्या बाकावर होत्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

"भावजी, खरं हाय हे?"

"खरं आहे, वहिनी."

"मी ह्यांना इचारलं हुतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "सारं गाव बोलाया लागलं तवा. पवित्र शास्त्र म्होरं ठिवलं आन् म्हनलं, ह्याच्यावर हात ठिवून सांगा, तुमची चूक हुती म्हनून. तोंडानं म्हनले, माजीच चूक. पन हात ठिवला न्हाई. मला वाटलं, काय तरी खाल्लंय म्हनूनच हात ठिवत न्हाईत."

मला तेव्हा कळलं, शांतवन, आणि माझं सगळं हलकेपण गेलं. तू खोटी शपथ घेऊ शकत नव्हतास. आणि खरी घेतली असतीस तर माझं नाव बाहेर आलं असतं.

"सात वर्सं," वहिनी म्हणाल्या. "सात वर्सं मी त्या मानसाला जेवाया वाढलं आन् त्याच्याकडं सरळ बघितलं न्हाई. मेले त्या सकाळी पन, छातीत दुकतंय म्हनले, तर मी म्हनले, दुकंल न्हाई तर काय."

त्यांचा हात माझ्या बाहीवर होता.

"मंग हे कुनासाठी गप राह्यले, भावजी?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"आन् तुमी?"

ते उत्तर वहिनींना नाही, तुला देतोय. तू माझ्यासाठी गप्प राहिलास, शांतवन, आणि मीही माझ्यासाठीच. त्या बाईसाठी आपण दोघांपैकी कुणीच बोललं नाही.